पहिल्या पावसानंतर दोनशे मैलांपुढची विमानं गळतात: सेकंडरी रडारची तपासणी कुठून सुरू करायची

हे टिपण एन-रूट (विमानतळांमधल्या लांबच्या मार्गांवर नजर ठेवणाऱ्या) रडारवर काम करणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे २५० नॉटिकल मैलांपर्यंत बघणारं, दहा-बारा सेकंदांत एक फेरी घेणारं मोनोपल्स सेकंडरी रडार. सेकंडरी म्हणजे विमानाला प्रश्न विचारून त्यातल्या ट्रान्सपॉन्डरचं (आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राचं) उत्तर ऐकणारं, आणि मोनोपल्स म्हणजे एकाच उत्तरावरून कोन काढणारं. अ‍ॅप्रोच (विमानतळाजवळच्या) रडारवाल्यांनाही उपयोग होईल, पण आकडे बदलतील. पुढे नुसतं 'मैल' म्हटलंय तिथे नॉटिकल मैल समजा.

लक्षणं

जूनचे पहिले दिवस. १७०-१८० मैलांपर्यंत चित्र स्वच्छ. त्यापुढे एखादा प्लॉट (विमानाचा ठिपका) एका फेरीत दिसतो, पुढच्या दोन फेऱ्यांत नाही, ट्रॅक कोस्टवर जातो (जागा नुसत्या अंदाजाने दाखवली जाते) आणि कंट्रोलर फोन उचलतो. सोबत यातल्या एक-दोन गोष्टी असतातच: लांबच्या विमानाची जागा मिळते पण उंचीचा रकाना रिकामा, एका फेरीत एका विमानाकडून येणाऱ्या उत्तरांची संख्या घटलेली, सरळ जाणारं विमान लांबवर नागमोडी दिसतं, पहाटे त्रास जास्त, दुपारी ऊन पडलं की कमी. आणि हे सगळं चालू असताना बिल्ट-इन टेस्टचे (यंत्राच्या स्वतःच्या तपासणीचे) दिवे हिरवेगार.

एकच विमान दोन ठिकाणी दिसणं किंवा जवळच्या विमानाचं रडारभोवती कडं उमटणं ही वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात परावर्तन शोधायचं, दुसऱ्यात साइडलोब सप्रेशन (मुख्य झोताबाहेरची उत्तरं दाबणारी व्यवस्था). इथे त्यांचा विषय नाही.

दरवर्षी खापर पावसावर फुटतं. 'बाहेर धो-धो चाललंय, सिग्नल येणार कुठून?' असं मुरलेले लोकही म्हणतात. पण आपण १०३० मेगाहर्ट्झवर विचारतो आणि १०९० वर उत्तर ऐकतो. या फ्रिक्वेन्सीला मुसळधार पावसातून शंभर किलोमीटर गेलं तरी डेसिबलचा किरकोळ अंश जातो. हवेतला पाऊस इथे निर्दोष आहे. गुन्हेगार असतं ते कनेक्टरमध्ये, केबलच्या आवरणात किंवा अ‍ॅन्टेनाच्या स्तंभात शिरलेलं पाणी. दिवसभर तापलेली केबल रात्री थंड होते, आतला दाब उतरतो आणि सील जिथे फाटलंय तिथून दमट हवा आत ओढली जाते. पहाटेचा त्रास तिथून येतो.

एक डेसिबल म्हणजे किती, हे डोक्यात पक्कं असलेलं बरं. सेकंडरीत जाणारा आणि येणारा असे दोन एकेरी रस्ते आहेत, त्यामुळे अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. मार्जिन (गरजेपेक्षा जास्तीची ताकद) आधीच संपलेलं असेल तर १ डेसिबल लॉसने २५० मैलांचे २२३ होतात, २ डेसिबलने १९९, ३ डेसिबलने १७७. म्हणजे 'दोनशेच्या पुढे दिसत नाही' ही तक्रार दोन-अडीच डेसिबलची आहे. एवढ्यासाठी बिल्ट-इन टेस्ट लाल होत नाही. तिच्या मर्यादा त्याहून सैल असतात.

मुळात बिघाड आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही बहुतेक जण ती वगळतात. रडार-क्षितिजाचं सूत्र: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ काढा, १.२३ ने गुणा, मैल मिळतात. विमानाचे आणि अ‍ॅन्टेनाचे वेगवेगळे काढून बेरीज करा. ३५,००० फुटांवरच्या विमानाचे येतात २३०. अ‍ॅन्टेना भोवतालच्या जमिनीपासून ४०० फूट उंच असेल तर तिचे २५. बेरीज २५५. पण १०,००० फुटांवरच्या विमानाचे १२३ आणि २५ मिळून १४८ च होतात. तेव्हा '१०,००० फुटांवरचं एटीआर (छोटं पंख्याचं प्रवासी विमान) दोनशे मैलांवर दिसत नाही' ही तक्रार असेल तर ते विमान तिथे दिसायलाच नको.

मग एप्रिल-मेमध्ये कसं दिसत होतं? पश्चिम किनाऱ्यावर याला खास कारण आहे. मोसमी पावसाच्या आधी अरबी समुद्रावर दमट थरावर कोरडी, उष्ण हवा बसते आणि तिच्याखाली लहरी वाकून क्षितिजापलीकडे जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या रडारला उन्हाळ्यात थेट अरबस्तानाच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळत, हे रडारच्या अभ्यासात नोंदलेलं आहे. मोसमी वारे सुरू झाले की हवा ढवळून निघते, हे डक्ट (लहरी वाकवून नेणारे थर) मोडतात, आणि कंट्रोलरला दोन महिने फुकट मिळालेली व्याप्ती जाते. त्याच्या दृष्टीने रडार बिघडलं. खरं तर ते पूर्वपदावर आलं. म्हणून तुलना मेशी करू नका. मागच्या वर्षीच्या जुलैशी करा, किंवा साइट अ‍ॅक्सेप्टन्सच्या (रडार ताब्यात घेतानाच्या चाचणीच्या) वेळच्या व्याप्तीच्या नकाशाशी.

खुर्चीतून न उठता होणाऱ्या तपासण्या

आधी चित्र रडारवरचं आहे की ऑटोमेशनचं ते बघा. कंट्रोलरच्या पडद्यावर अनेक रडार आणि एडीएस-बी (विमानाने स्वतःहून कळवलेली जागा) मिसळून आलेला ट्रॅक असतो. शेजारचं रडार देखभालीसाठी बंद असेल तर तुमचं रडार जसं कालपर्यंत होतं तसंच असतं, फक्त झाकणारं कोणी उरलेलं नसतं. उंचीचा फिल्टर किंवा रेंज मर्यादा कुणी बदलली का, हेही विचारा. साइटवरच्या लोकल डिस्प्लेवर तेच विमान दर फेरीला येत असेल तर पाना पेटीतच राहू द्या.

मग लाइन, म्हणजे रडारपासून कंट्रोल सेंटरपर्यंतचा डेटाचा दुवा. अ‍ॅस्टेरिक्सच्या (रडारचा डेटा पाठवण्याच्या ठरलेल्या मांडणीच्या) ०४८ कॅटेगरीत विमानांचे रिपोर्ट येतात, ०३४ मध्ये उत्तर दिशेची खूण आणि सेक्टर ओलांडल्याचे संदेश. फेरीचे साधारण ३२ सेक्टर असतात. दूरच्या टोकाला रेकॉर्डिंग करून दर फेरीत ते सगळे येतात का ते मोजा. अधूनमधून एखादा सेक्टर गायब असेल आणि त्या कोनातली जवळची विमानंही त्याच फेरीत नसतील, तर दोष मोडेम, नेटवर्क किंवा व्हीसॅटचा (उपग्रहावरच्या दुव्याचा) आहे. तिथे अ‍ॅन्टेनावर चढणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सेक्टर पूर्ण येतात आणि तरी लांबची विमानं गळतात, तर आता रेकॉर्डिंग चाळायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण याला पैसे लागत नाहीत आणि पुढच्या सगळ्या पायऱ्यांची दिशा इथे ठरते. किमान एक अख्खा दिवस घ्या, पहाट आणि दुपार दोन्ही त्यात हवेत. एडीएस-बीच्या नोंदी खऱ्या मानून प्रत्येक फेरीत 'विमान होतं, रडारला मिळालं का' हे मोजा. सास-सी सारखं रडारची कामगिरी मोजणारं सॉफ्टवेअर हाताशी असेल तर उत्तम, नाहीतर साधी स्प्रेडशीटही चालते. युरोकंट्रोलच्या (युरोपातल्या हवाई वाहतूक नियंत्रण संस्थेच्या) एन-रूट मानकात सेकंडरीला ९७ टक्क्यांहून जास्त शोधक्षमता लागते. हा आकडा शेजारी लिहून ठेवा. ४८० नॉटच्या विमानाला बारा सेकंदांच्या रडारवर पन्नास फेऱ्या म्हणजे दहा मिनिटं, ८० मैल. त्यात दोन फेऱ्या चुकल्या तरी ९६ टक्के. एका विमानावरून निकाल देऊ नका, असं म्हणतो ते यासाठी.

दुसरंही कारण आहे. १५,००० फुटांच्या वर उडणाऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरची शक्ती नियमानुसार १२५ वॅटपासून ५०० वॅटपर्यंत काहीही असू शकते. ६ डेसिबलचा फरक, आणि दोन्ही विमानं कायदेशीर! रिसीव्हरच्या संवेदनशीलतेतही अधिक-उणे ३ डेसिबलची मुभा आहे. शिवाय वळताना पंख कलला की पोटाखालची अ‍ॅन्टेना झाकली जाते. एकच कॉलसाइन (उड्डाणाचं ओळखनाव) रोज गळत असेल तर ते विमान कंपनीला कळवा.

आकडे हातात आले की ते तीन प्रकारे वेगळे करा: कोनानुसार, उंचीनुसार, अंतरानुसार.

चहूबाजूंनी सारखीच घट असेल तर ट्रान्समीटर, रिसीव्हर किंवा स्थिर केबल. एकाच कोनात घट आहे, पण त्याच कोनातली जवळची विमानं व्यवस्थित आहेत, तर समोर काहीतरी उभं राहिलंय. एका कोनात जवळच्या आणि लांबच्या दोन्हींचे सिग्नल पडलेत, फक्त जवळच्यांना मार्जिन असल्याने ती गळत नाहीत, तर संशय रोटरी जॉइंटवर (फिरत्या भागाला स्थिर केबलशी जोडणाऱ्या सांध्यावर). आणि समुद्राच्या बाजूला ठरावीक उंचीची विमानं ठरावीक अंतराच्या पट्ट्यात काही फेऱ्या गळून पुढे पुन्हा दिसत असतील, तर ते पाण्यावरून येणारं परावर्तन आहे: सरळ आणि परावर्तित लहर एकमेकींना खोडतात. त्याला दुरुस्ती नाही, फक्त नोंद आहे. मोठ्या उभ्या अ‍ॅपर्चरच्या अ‍ॅन्टेनाचा खालचा कडा तीव्र कापलेला असतो म्हणून हे कमी होतं, पण शून्य होत नाही.

विचारणं कमी पडतंय की ऐकणं?

आलेल्या प्रत्येक उत्तराची शक्ती रडार नोंदवतं. ती अंतराविरुद्ध मांडा आणि कोरड्या हंगामातल्या आलेखावर ठेवा. बिंदूंचा पट्टा एकसारखा २-३ डेसिबल खाली सरकला असेल तर परतीचा रस्ता खराब आहे. पट्टा जागच्या जागी आहे, आलेली उत्तरं नेहमीइतकीच जोरकस आहेत, पण त्यांची संख्या कमी आहे, तर विमानांना आपला प्रश्नच नीट पोचत नाही. दोन्ही बाजू पडल्या असतील तर दोष दोन्हींत सामाईक असलेल्या भागात: केबल, जॉइंट, अ‍ॅन्टेना.

'प्रश्न पोचत नाही' यात एक फसवा प्रकार आहे. प्रश्नाचा पहिला पल्स मुख्य झोतातून जातो, दुसरा कंट्रोल पॅटर्नमधून (चहूबाजूंना पसरणाऱ्या झोतातून). ट्रान्सपॉन्डरला पहिला दुसऱ्यापेक्षा ९ डेसिबल किंवा जास्त मोठा दिसला तर त्याने उत्तर द्यायचं. दुसरा पहिल्याइतका किंवा मोठा दिसला तर गप्प बसायचं. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी. आता पाणी फक्त मुख्य झोताच्या केबलमध्ये शिरलं आणि कंट्रोलची केबल ठणठणीत राहिली, तर दोघांतलं अंतर घटतं, झोताच्या कडांवर विमानं गप्प बसू लागतात आणि झोत जणू अरुंद होतो. एका फेरीतल्या उत्तरांची संख्या घटते, ती सर्व अंतरांवर. तुमच्या नोंदीत ५० मैलांवरच्या विमानांचीही उत्तरं कमी झाली असतील तर हा प्रकार आधी तपासा. निव्वळ लॉसमध्ये जवळच्यांची संख्या फारशी हलत नाही.

चॅनेल बदलणं आणि साइट मॉनिटर

कंट्रोलरला सांगून, रहदारी कमी असताना चॅनेल 'अ' वरून 'ब' वर (रडारच्या दोन समांतर संचांपैकी दुसऱ्यावर) जा आणि पुरेसा वेळ रेकॉर्ड करा. फरक पडला तर दोष कॅबिनेटमध्ये. पडला नाही तर दोन्ही चॅनेलना सामाईक असलेल्या भागात, आणि जूनमध्ये बहुतेकदा तोच असतो.

साइट मॉनिटरबद्दल गैरसमज फार आहे. तो काही मैलांवर ठेवलेला ट्रान्सपॉन्डर. त्याचं अंतर आणि कोन आपल्याला माहीत असतो. तो जागेवर दिसतो म्हणजे वेळ, अंतर आणि एन्कोडर (कोन मोजणारा भाग) ठीक, एवढंच सिद्ध होतं. इतक्या जवळून त्याचा सिग्नल इतका जोरदार असतो की १० डेसिबल गेले तरी तो हिरवाच राहील. त्याचा दिवा बघू नका, त्याच्या उत्तराची शक्ती बघा, आणि ती रोज लॉगबुकमध्ये लिहा. पहाटे आणि दुपारी त्यात एक-दोन डेसिबलचा फरक पडत असेल तर पाणी जवळपास सापडलंच. मात्र तो एकाच कोनात उभा आहे, हे विसरू नका.

आता बाहेर पडा

पावसाची उघडीप बघून. आधी अ‍ॅन्टेनाच्या उंचीवरून वाईट कोनाकडे नजर टाका. ३५,००० फुटांवरचं विमान २०० मैलांवर क्षितिजाच्या फक्त ०.४ अंश वर असतं. एक किलोमीटरवरची इमारत अ‍ॅन्टेनाच्या पातळीहून सात मीटर वर आली की ती त्या रेषेत आली. दोन मजले, बस. वर्षभरात वाढलेली झाडं, नवी पाण्याची टाकी, डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या, सगळं टिपून फोटो घ्या. इमारतीला उंचीची ना-हरकत होती का, हा प्रश्न तुमच्या कार्यालयाने हाताळायचा आहे. गच्चीवर जाऊन वाद घालू नका.

मग रडार बंद करायची परवानगी घ्या, प्रक्षेपण थांबवा, ड्राइव्ह मोटरचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ट्रान्समीटरची शिखरशक्ती दीड-दोन किलोवॅटच्या घरात असते आणि डोक्यावर आठेक मीटर रुंदीची अ‍ॅन्टेना असते. 'दोनच मिनिटांचं काम आहे' हे वाक्य इथे चालत नाही.

बाहेरचे कनेक्टर एकेक करून बघा. हिरवट बुरशीसारखा थर, काळवंडलेली पिन, टेपखाली ओल. टेप वरून कोरडी दिसते आणि आत पाणी अडवून ठेवते, म्हणून ती कापून काढायचीच. खराब कनेक्टर पुसून परत लावू नका, बदला. टॉर्क पान्याने घट्ट करा, आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप, वर उन्हापासून वाचवणारी टेप, आणि केबलला खाली एक झोका द्या म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता झोक्यावरून टपकेल. हे काम मे महिन्यात झालं असतं तर जूनमध्ये फोन आला नसता, पण मेमध्ये कुणाला बजेट मिळतं? अ‍ॅन्टेनाच्या तळाची निचऱ्याची भोकं गांधीलमाशीच्या मातीने बुजतात, तीही बघा. यंत्रणेत कोरडी हवा देणारा डिहायड्रेटर असेल तर त्याचा दाब आणि सिलिकाचा रंग तपासा.

त्यानंतर मोजमाप: ट्रान्समीटरच्या तोंडाशी पॉवर मीटर, मग केबलचा व्हीएसडब्ल्यूआर (किती लहर परत फिरते त्याचं माप), आणि अ‍ॅनालायझर असेल तर अंतरानुसार दोष दाखवणारी मोजणी. मुख्य, डिफरन्स (कोन काढायला लागणारा) आणि कंट्रोल तिन्ही रस्त्यांची. मूळ आकडे शेजारी नसतील तर '१.४ चांगला की वाईट' यावर चर्चा व्यर्थ आहे, कालपर्यंत १.१५ होता की १.४, हे महत्त्वाचं. शेवटी अ‍ॅन्टेना हाताने सावकाश पूर्ण फिरवा आणि व्हीएसडब्ल्यूआरचा काटा बघा. एका कोनात तो उसळत असेल आणि तोच कोन रेकॉर्डिंगमध्ये वाईट असेल, तर रोटरी जॉइंट.

एक गोष्ट कुठल्याच टप्प्यावर करू नका: व्याप्ती भरून काढायला ट्रान्समीटरची शक्ती वाढवणं किंवा रिसीव्हरचा थ्रेशोल्ड (ऐकण्याची किमान पातळी) खाली आणणं. शक्ती वाढवली की आसमंतातल्या ट्रान्सपॉन्डरांवर प्रश्नांचा भार वाढतो, शेजारच्या रडारची आणि विमानांच्या टीकॅसची (टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेची) उत्तरं त्यात अडकतात. थ्रेशोल्ड उतरवला की दुसऱ्यांना दिलेली उत्तरं कचऱ्यासारखी आत येतात. फोन चार दिवस थांबतो, पाणी मात्र आतच राहतं.

इथे थांबा

रोटरी जॉइंट उघडणं, अ‍ॅन्टेनाचे स्तंभ सोडवणं, टिल्ट (वर-खाली कल) बदलणं, मोनोपल्सचं कोन-सुधारणा कोष्टक नव्याने भरणं: यातलं काहीही साइटवरच्या माणसाने करायचं नाही, उत्पादकाच्या अभियंत्याला बोलवायचं. कनेक्टर बदलल्यावर केबलची लांबी थोडी जरी बदलली तरी मुख्य आणि डिफरन्स यांच्यातला फेज सरकतो आणि कोन चुकू लागतो. २०० मैलांवर ०.१ अंश म्हणजे साडेसहाशे मीटर. म्हणून या दोनपैकी कुठल्याही केबलला हात लागला असेल तर रडार सेवेत देण्याआधी साइट मॉनिटरचा कोन आणि एडीएस-बीशी फरक तपासलाच पाहिजे. सूर्य मोकळा असेल तर उगवता-मावळताना त्याच्या नॉइझवरून उत्तर दिशेचीही पडताळणी होते, पण अगदी क्षितिजावर टेकलेल्या सूर्याचा भरवसा धरू नका. ढगांचा नाही, क्षितिजाजवळच्या अपवर्तनाचा प्रश्न असतो, म्हणून तो काही अंश वर आल्यावरचीच मोजणी घ्या.

नॉइझची पातळी ठरावीक दिशेने वाढलेली दिसली तर तो बाहेरच्या कुठल्यातरी प्रक्षेपणाचा हस्तक्षेप आहे. कोन आणि वेळा नोंदवून वायरलेस मॉनिटरिंगकडे तक्रार करा. स्वतः अ‍ॅन्टेना घेऊन वस्तीत फिरू नका. वीज पडून गेल्यानंतरचा दोष असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय कुठलाही पॅनेल उघडू नका, तो विद्युत विभागाचा प्रांत आहे.

अ‍ॅन्टेना किंवा जॉइंट बदलला गेला तर प्रश्न येतो तपासणी विमानाचा. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) डॉक ८०७१ चा तिसरा खंड रडारच्या चाचण्यांसाठीच आहे. रोजच्या रहदारीच्या नोंदींवरून काय सिद्ध होतं आणि कशासाठी विमान लागतं, ते त्याच्या आधारे वरिष्ठांशी बसून ठरवा. विमान मागवायचं ठरलं तर त्यांना वाईट कोन, उंची आणि अंतर आकड्यांत द्या, आणि त्या रेषेवर जाताना व येताना दोन्ही वेळा उडायला सांगा, कारण विमानाची स्वतःची अ‍ॅन्टेनाही पुढून आणि मागून सारखी दिसत नाही. तोपर्यंत त्या कोनात २०० मैलांपुढची व्याप्ती कमी आहे हे एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) लेखी कळवून ठेवा. नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) काढायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं.